पळा, पण गोळी सोडून नको

पहाटे साडेपाचला अंबडहून जालन्याकडे किंवा पाचोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन प्रकारची माणसे दिसतात. पहिली म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी. धावण्याची वेळ अजून चार सेकंदांनी कशी उतरेल, एवढीच त्यांची चिंता. दुसरी माणसे चाळिशी-पन्नाशीतली. डोक्याला कानटोपी, पायात नवे कोरे बूट आणि मनात आठ दिवसांपूर्वी हाती पडलेला तपासणीचा कागद. कागदावर साखर वाढलेली, कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला. डॉक्टरांनी 'व्यायाम करा' म्हटले, म्हणून हे गृहस्थ बाहेर पडलेले असतात. आठवडाभर चालतात, मग पोरांच्या मागे धावून बघतात. कुणी मत्स्योदरी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या एका दमात चढायचा नेम धरतो.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले की साखर उतरलेली असते, पँट सैल झालेली असते. मग एक दिवस कोलेस्टेरॉलची गोळी बंद होते. 'रोज एवढा घाम गाळतो, आता गोळी कशाला?' हा प्रश्न कुणी डॉक्टरांना विचारत नाही. पारावर किंवा चहाच्या टपरीवर विचारला जातो आणि तिथेच त्याचे उत्तरही मिळते.

याच्या उलट सल्ला देणारेही घरोघरी आहेत. 'शुगर आहे, हार्टवर ताण नको, जरा बेताने' असे सांगून ते माणसाला शतपावलीवर आणून ठेवतात. दम लागणे म्हणजे धोका, असा या मंडळींचा समज.

या दोन्ही समजुतींत अर्धे-अर्धे तथ्य आहे आणि दोन्ही उरलेल्या अर्ध्यात माणसाला गोत्यात आणतात. मधुमेहात हृदयाला दम लागणारा व्यायाम हवाच असतो. पण तो एकदम अंगावर घ्यायचा नसतो, आणि वाईट कोलेस्टेरॉल उतरवायचे काम त्याच्याकडून फारसे होत नाही. या दोन गोष्टी नीट कळल्या, तर मधुमेही माणसाचे बरेचसे नुकसान टळते.

बारीक अंगकाठीचा फसवा दिलासा

'आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला कसला व्यायाम आणि कसलं कोलेस्टेरॉल?' हे वाक्य मराठवाड्यातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात दिवसातून दहा वेळा ऐकू येते. म्हणणारा बहुधा बारीकच असतो. पण बारीक अंगकाठी म्हणजे आत चरबी नाही, असे आपल्याकडे गृहीत धरता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सामान्य. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीदार, ही भारतीय ठेवण त्या एका तुलनेने जगाला समजली.

ही चरबी पोटात आणि यकृतात साठते आणि रक्तातल्या मेदाचे गणित बिघडवते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीत महाराष्ट्रासह तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या लोकांचे रक्त तपासले गेले. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार ७२.३ टक्के प्रौढांमध्ये 'चांगले' मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल कमी होते, तर २९.५ टक्के लोकांमध्ये ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. निम्म्याहून अधिक लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय होते आणि केवळ व्यायाम किंवा खेळ म्हणून हालचाल करणारे दहा टक्केही नव्हते.

शेतातल्या कामाचे काय? ते कष्ट खरेच आहेत, पण ते पूर्वीसारखे रोजचे राहिलेले नाहीत. नांगरट ट्रॅक्टरने होते, शेतात जायला मोटारसायकल आहे, मोसंबीच्या बागेला ठिबक आहे. पेरणी-काढणीच्या दिवसांत कंबर मोडते आणि मधले दोन-दोन महिने बांधावर उभे राहून देखरेख करण्यात जातात. शिवाय वाकून, एका जागी, थांबत थांबत केलेल्या कामात स्नायू दुखतात, पण हृदयाची गती वाढून ती वीस-तीस मिनिटे टिकेल असे फार वेळा होत नाही. ऊसतोड करणाऱ्या किंवा हमाली करणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला आणखी व्यायाम सांगण्याआधी पोटभर जेवण आणि विश्रांती सांगावी लागेल.

दम लागल्यावर आत काय घडते

स्नायू जोरात काम करू लागला की तो रक्तातली साखर स्वतः ओढून घेतो. त्यासाठी त्याला इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. व्यायाम थांबल्यावरही पुढचा एखादा दिवस, कधी दोन दिवस, तोच स्नायू इन्सुलिनला अधिक चांगली दाद देतो. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये, असे सांगतात.

रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही फायदा होतो. वेगाने वाहणाऱ्या रक्तामुळे हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते, त्यामुळे रक्तवाहिनी सैलावते आणि रक्तदाब काही अंकांनी उतरतो. मधुमेहात हृदयाचा स्नायू हळूहळू ताठर होतो. तो जोराने आकुंचन पावतो, पण दोन ठोक्यांच्या मधे हवा तेवढा सैल पडत नाही. माणसाला त्याची जाणीव जिना चढताना होते. आधी दोन मजले सहज चढणारा आता पहिल्याच मजल्यावर कठडा धरतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात टाइप-२ मधुमेहींना बारा आठवडे जोराचा आणि हलका असा आलटून-पालटून व्यायाम दिला गेला. त्यांच्या हृदयाची रचना आणि काम, दोन्हींत सुधारणा दिसली आणि यकृतातली चरबी उतरली. २०१६ मध्ये छापलेला हा अभ्यास लहान होता. त्यावरून साऱ्या जगाला नियम घालून देता येत नाही. पण 'शुगरवाल्याने दम लागेल असे काही करू नये' या घरगुती सल्ल्याला त्यातून उत्तर नक्की मिळते.

कोलेस्टेरॉल 'जळत' नाही

व्यायामाने चरबी जळते, तसे कोलेस्टेरॉलही जळत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण शरीर कोलेस्टेरॉलचा इंधन म्हणून वापर करत नाही. ते मुख्यतः यकृतात तयार होते आणि रक्तातून ते परत काढून घेण्याचे कामही यकृतच करते.

तपासणीच्या कागदावर तीन आकडे महत्त्वाचे असतात. व्यायामाचा परिणाम तिन्हींवर सारखा होत नाही. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून वाहणारी चरबी. ती स्नायूंचे इंधन आहे, त्यामुळे नियमित व्यायामाने हा आकडा बऱ्यापैकी उतरतो. दारू, साखर आणि मैदा कमी केला तर आणखी उतरतो. एचडीएल वाढते, पण ते सरासरी दोन-अडीच मिलिग्रॅमनेच, आणि तेही महिनोन्‌महिने नेमाने व्यायाम केल्यावर. तिसरा आकडा एलडीएलचा. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचून गाठी करणारे हेच ते कोलेस्टेरॉल. हार्ट अटॅकशी सगळ्यांत थेट नाते त्याचे आहे आणि नेमके तेच व्यायामाने सगळ्यांत कमी हलते. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्याचेही एलडीएल १३० असू शकते आणि ते वर्षभर जवळपास तिथेच राहू शकते.

स्टॅटिन गटातली गोळी मात्र एलडीएल ३० ते ५० टक्क्यांनी उतरवते. १३० चा आकडा ७०-८० पर्यंत आणायचा असेल, तर तेवढी ताकद कोणत्याही पळण्यात नाही. २००४ साली 'कार्ड्‌स' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २,८३८ मधुमेहींपैकी कुणालाही आधी हृदयविकार झालेला नव्हता, कोलेस्टेरॉलही फार वाढलेले नव्हते. त्यांतल्या निम्म्यांना १० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली गेली. औषध घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेच्या दोन वर्षे आधी थांबवली गेली. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींना 'कोलेस्टेरॉल जास्त नसतानाही' ही गोळी का दिली जाते, याचे उत्तर इथे आहे.

दुसरी चाचणी व्यायामाची आहे आणि ती अधिक बोलकी आहे. अमेरिकेत 'लुक अहेड' या चाचणीत ५,१४५ वजनदार मधुमेही होते. त्यांतल्या निम्म्यांना आहार आणि आठवड्याला १७५ मिनिटे व्यायाम असा काटेकोर कार्यक्रम दिला गेला. जवळपास दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. वजन उतरले, साखर सुधारली, दमसास वाढला, औषधे कमी लागली. पण २०१३ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांच्या संख्येत दोन्ही गटांत फरक नव्हता. संशोधकांनी त्याची जी कारणे मांडली, त्यांत एक असे : व्यायाम न करणाऱ्या गटाने स्टॅटिन जास्त घेतले आणि त्यांचे एलडीएल खाली राहिले.

यावरून व्यायाम फुकट आहे असे कुणी म्हणू नये. त्या माणसांचे जगणे हलके झाले, ही काही लहान गोष्ट नाही. पण घामाने जे कमावले ते गोळी सोडून गमावता येते, हा धडा टपरीवरच्या सल्लागारांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गोळी सुटण्याचे आणखी एक कारण म्हणजे अंगदुखी. व्यायाम सुरू केल्यावर पोटऱ्या-मांड्या दुखतात. स्टॅटिननेही काही जणांचे स्नायू दुखतात. दोष कुणाचा हे न बघता गोळी बंद होते. व्यायामाची दुखी बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते आणि ज्या स्नायूंनी काम केले तिथेच असते. दोन्ही बाजूंच्या मांड्या-दंड आठवडाभर दुखत राहिले, अशक्तपणा वाटला, तर डॉक्टरांना सांगावे. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. लघवी काळपट-लाल झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अचानक पळण्याची किंमत

जोराच्या व्यायामाचा धोका खरा आहे, पण तो सगळ्यांना सारखा नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात हार्ट अटॅक आलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांना विचारले गेले, की अटॅकच्या आधीच्या तासात काय करत होता? जे आठवड्यातून एकदाही अंगमेहनत करत नव्हते, त्यांच्यात जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात अटॅकचा धोका एरवीपेक्षा १०७ पट वाढलेला आढळला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा मेहनत करणाऱ्यांमध्ये तोच धोका जेमतेम २.४ पट होता. म्हणजे जे श्रम सवय नसलेल्याला मारू शकतात, तेच सवयीने त्याला वाचवतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये छापला. त्यातही मृत्यूआधीच्या ४८ तासांत केलेले अतिश्रम, अति मद्यपान आणि घरात अचानक मृत्यू झालेला असणे यांचा धोक्याशी संबंध दिसला.

मधुमेहात यात एक गुंतागुंत आहे. जुन्या साखरेने नसा बधिर होतात आणि हृदयाचे दुखणे मुके होते. 'डीआयएडी' या चाचणीत कोणताही त्रास नसलेल्या ५२२ मधुमेहींच्या हृदयाचे स्कॅन केले, तेव्हा ११३ जणांत हृदयाला रक्त कमी पडत असल्याची चिन्हे मिळाली. छातीत कळ येईलच, हाताला मुंग्या येतीलच, अशी खात्री नाही. नेहमीच्या चढावर अचानक जास्त धाप, दरदरून घाम, जबड्यात किंवा दोन्ही खांद्यांच्या मधे दुखणे, 'गॅस झाला' असे वाटणे, एवढ्यावरच ते भागवते. चालताना वाढणारा आणि थांबल्यावर कमी होणारा 'गॅस' हा गॅस नसतो. असे झाले तर तिथेच बसावे आणि १०८ ला फोन करावा. मोटारसायकलवर मागे बसून, सोडा पिऊन बघू, यात जो तास जातो तो परत मिळत नाही.

मग प्रत्येक मधुमेहीने चालायला लागण्याआधी स्ट्रेस टेस्ट करावी का? नाही. त्याच चाचणीत सरसकट तपासणीने पुढचे अटॅक लक्षणीय कमी झाल्याचे दिसले नाही. साधे, भरभर चालणे सुरू करायला कोणत्याही महागड्या तपासणीची गरज नसते. पण ज्यांना पळायचे आहे, जिममध्ये जोर लावायचा आहे आणि ज्यांचा मधुमेह दहा वर्षांचा जुना आहे, ज्यांना तंबाखू-बिडीची सवय आहे, रक्तदाब आहे, लघवीतून प्रथिने जातात, घरात लवकर हृदयविकार झाला आहे किंवा वर सांगितलेली लक्षणे आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी आणि ते सांगतील ती तपासणी करावी. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या आलेल्या असतील, तर श्वास रोखून वजन उचलल्याने आत रक्तस्राव होऊ शकतो. आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून पळायला निघणाऱ्यांनी तर आधी ती चिमूट थुंकावी. ती हृदयाची गती वाढवते आणि रक्तवाहिन्या आवळते.

पायरी पायरीने

मराठवाड्यात व्यायामाचा एक आकडा घरोघरी पोहोचला आहे : ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळच्या जेवणासोबत सांगितलेल्या या चालण्याने हजारो लोक घराबाहेर पडले, हे मान्य केलेच पाहिजे. पण हा वेग तासाला सहा किलोमीटरचा होतो. तिशीतल्या माणसासाठी ते मध्यम चालणे आहे. साठीतल्या, गुडघे धरलेल्या, पंधरा वर्षे साखर असलेल्या बाईसाठी तोच जोराचा व्यायाम आहे. हा वेग पहिल्या दिवशी गाठायचा नसतो. तिथे दोन-तीन महिन्यांनी पोहोचायचे असते, आणि काहींनी नाही पोहोचले तरी बिघडत नाही.

जोर किती, हे मोजायला घड्याळ लागत नाही. चालताना गप्पा मारता येतात पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही, तो जोराचा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल, तर नाडीचे ठोके मोजून अंदाज चुकतो. बोलण्याची ही चाचणी तिथेही उपयोगी पडते.

पहिले चार आठवडे रोज वीस ते तीस मिनिटे मध्यम चालावे. पाचव्या आठवड्यापासून त्यातच तीन मिनिटे भरभर, तीन मिनिटे सावकाश, असे आलटून-पालटून चालावे. ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी ती टाइप-२ मधुमेहींवर चार महिने वापरून पाहिली. एकाच वेगाने चालणाऱ्यांनीही तेवढीच ऊर्जा खर्च केली होती, तरी आलटून-पालटून चालणाऱ्यांचाच दमसास वाढला आणि साखरेवरचे नियंत्रणही त्यांचेच सुधारले. तीन महिन्यांनंतर ज्याला झेपेल त्याने सपाट रस्त्यावर थोडे पळावे. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम पुरेसा आहे. तरुण आणि कणखर माणसाला जोराची पंचाहत्तर मिनिटे चालतात. त्यासोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा. त्यासाठी जिमच लागते असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, एवढ्यावर सुरुवात होते. जुन्या तालमीतल्या जोर-बैठका हाच व्यायाम आहे. फक्त शंभराचा आकडा पहिल्या आठवड्यात गाठू नये.

साखरेकडे लक्ष हवे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामात आणि नंतर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही, उतरू शकते. व्यायामाआधी ती ९० च्या खाली असेल, तर काहीतरी खाऊन निघावे. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी. याउलट जोराच्या व्यायामानंतर लगेच साखर थोडी वाढलेली दिसली, तर घाबरू नये. जोर लावताना यकृत साखर सोडते, ती तासा-दोन तासांत खाली येते. साखर अडीचशेच्या वर आणि अंगात ताप किंवा उलट्या असतील, तर त्या दिवशी व्यायाम नको. व्यायामामुळे साखर वारंवार उतरत असेल, तर मधुमेहाच्या गोळीची मात्रा डॉक्टरांना विचारून कमी करावी. कमी करायची ती ही गोळी. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा साखर उतरण्याशी संबंध नाही.

अंबडमध्ये याची खरी परीक्षा नवरात्रात होते. मत्स्योदरीच्या जत्रेला तालुकाभरातून माणसे येतात, कुणी नऊ दिवसांच्या उपवासात, कुणी अनवाणी. पोटात अन्न नाही, सकाळची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतलेली आणि समोर डोंगराच्या पायऱ्या. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आजूबाजूचे 'अंगात आलं' म्हणून बाजूला होतात. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर आधी साखर खायला द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता १०८ ला बोलवावे. उपवासाच्या दिवसांत गोळीची वेळ आणि मात्रा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घेतलेली बरी. अनवाणी चालण्याचा नवस मधुमेह्याने बोलू नये. बधिर तळव्याला रुतलेला खडा समजत नाही, जखम समजते ती चिघळल्यावर.

'चाला' एवढे पुरत नाही

इथवरचे सगळे रुग्णाला सांगायचे झाले. काही गोष्टी व्यवस्थेलाही सांगायला हव्यात. सरकारी दवाखान्यातल्या चिठ्ठीवर गोळीचे नाव, मात्रा, वेळ सगळे असते. व्यायामासाठी मात्र एकच शब्द : 'चाला'. किती, कोणत्या वेगाने, किती दिवसांनी वाढवायचे, कोणते लक्षण दिसले की थांबायचे, हे लिहिलेले नसते. बाह्यरुग्ण विभागाची रांग दारापर्यंत गेलेली असते, हे खरे. पण छापील अर्धे पान हातात द्यायला फार वेळ लागत नाही.

फक्त सांगून व्यायाम होतो, असेही नाही. इटलीत २०१० मध्ये ६०६ मधुमेहींवर झालेल्या अभ्यासात एका गटाला केवळ समुपदेशन मिळाले, दुसऱ्याला त्यासोबत आठवड्यातून दोनदा देखरेखीखालचा व्यायाम. वर्षभरात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, सगळ्यांत दुसरा गट पुढे राहिला. तालुक्याच्या गावी त्यासाठी इटलीसारखी केंद्रे उभारायची गरज नाही. शाळा-महाविद्यालयाचे मैदान पहाटे तास-दीड तास सर्वांसाठी खुले ठेवावे, संध्याकाळी तिथे दिवे असावेत, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने आणि आरोग्य कर्मचाऱ्याने आठवड्यातून दोन दिवस मधुमेहींचा गट चालवावा. भरतीच्या पोरांना अंधारात ट्रकच्या उजेडात पळावे लागते, त्यांचीही त्यात सोय होईल. आणि बायकांची तर सगळ्यांत आधी. पहाटे रस्त्यावर दिसणाऱ्या मध्यमवयीन चेहऱ्यांत बायका किती असतात, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतात. घरकामात दिवसभर उभे राहणे म्हणजे व्यायाम, असे त्यांना सांगितले गेले आहे. मधुमेह पुरुषाला देतो त्यापेक्षा बाईच्या हृदयाला मोठा फटका देतो, हे मात्र कुणी सांगितलेले नाही.

असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय आहे. मधुमेह निघालेल्या प्रत्येकाचे कोलेस्टेरॉलही वर्षातून एकदा तपासले गेले पाहिजे आणि स्टॅटिनची गोळी महिना न चुकता मिळाली पाहिजे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन हे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतले औषध आहे, महाग नाही. साठा संपला म्हणून महिनाभर खंड पडला, की रुग्णाला वाटते गोळी तितकीशी गरजेची नसावी. मग पुढच्या महिन्यात साठा येतो, पण रुग्ण येत नाही.

पहाटे रस्त्यावर निघालेल्या त्या पन्नाशीतल्या गृहस्थाला कुणी मागे खेचू नये. त्याने चालावे, महिन्याभराने वेग वाढवावा, जमले तर पळावेही. पोरांनी हसून मागे टाकले तरी हरकत नाही, त्याची शर्यत त्यांच्याशी नाही. घरी परतल्यावर आंघोळ करावी, नाश्ता करावा आणि डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी त्या-त्या वेळी घ्यावी. गोळी सोडावी असे वाटलेच, तर कागद घेऊन दवाखान्यात यावे. तो निर्णय टपरीवर होऊ नये.